जलरंगात हात कधी उचलायचा

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी आठला बसलात आणि पाव इंपीरियल कागदावर, म्हणजे साधारण ११ × १५ इंचांवर, काम सुरू केलंत तर सव्वानऊपर्यंत चित्र उभं राहिलेलं असतं. तेच चित्र दहाला बघा. घाटाची पायरी न् पायरी मोजता येते, मागच्या झाडाला पान न् पान फुटलंय, प्रतिबिंब तीनदा सुधारून झालंय आणि नदीचं पाणी मात्र दिसेनासं झालंय. सव्वानऊ ते दहा या पाऊण तासात चित्रात भर पडली आणि उजेड गेला.

नवखे आणि बऱ्यापैकी सरावलेले, दोघांचीही निम्मी चित्रं इथेच जातात. ‘कुठे थांबायचं ते कळत नाही’ ही तक्रार नेहमीची. पण थांबणं ही शेवटी एकदाच करायची गोष्ट आहे असं धरून चाललं की ते कधीच कळत नाही. जलरंगात प्रत्येक वॉशनंतर, म्हणजे पातळ रंगाचा एक थर सलग पसरून झाल्यावर, थांबावं लागतं, आणि शेवटी कुठे थांबायचं ते ब्रश ओला करण्याआधीच बरंचसं ठरवून ठेवावं लागतं.

जास्त हात फिरला की नेमकं काय होतं

जलरंगाच्या ट्यूबमध्ये रंगाची पूड असते आणि तिला धरून ठेवणारा गम अरेबिक असतो, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. हा डिंक वाळल्यावरही पाण्यात पुन्हा सुटतो. त्यामुळे वाळलेल्या थरावरून ओला ब्रश एकदा हलकाच गेला तर चालतं. तोच तीन-चार वेळा मागेपुढे घासला की खालचा रंग उठतो आणि वरच्यात मिसळतो. खाली यलो ऑकर, वर अल्ट्रामरीनची सावली असं तुम्ही ठरवलेलं असतं. घासाघाशीनंतर दोन्ही मिळून मळकट करडं-हिरवं काहीतरी उरतं. अति तिथे माती ही म्हण इतकी शब्दशः दुसरीकडे कुठे लागू पडत असेल असं वाटत नाही.

दुसरं नुकसान कागदाचं. चांगल्या कागदाला जिलेटिनचं किंवा तशाच कशाचं तरी सायझिंग, म्हणजे पाणी चटकन शोषू न देणारी खळ, असतं, त्यामुळे रंग वरच्या वर राहतो आणि ताजा दिसतो. ब्रश घासून, टिश्यूने पुसून, पुन्हा पाणी मारून ते सायझिंग निघालं की कागद टीपकागदासारखा रंग पिऊ लागतो. तिथे टाकलेला रंग मठ्ठ दिसतो, त्याची कडा सुटते आणि तो उचलायला गेलात तर येत नाही. त्याच्याही पुढे गेलात तर कागदाच्या बारीक गोळ्या निघू लागतात. तो भाग संपला असं समजा.

म्हणून कागद किती सोसतो ते आधी माहीत असायला हवं. १५०-२०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद, दोन वॉश आणि वर थोडे डार्क टच एवढंच नीट पेलतो. ३०० जीएसएमचा लगद्याचा कागद तीन वॉश घेतो. ३०० जीएसएमचा शंभर टक्के कॉटनचा कागद चार-पाचही घेईल, पण प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला तर. नवा कागद आणला की त्याच्या एका तुकड्यावर एकाच जागी थरावर थर देऊन बघावं. कितव्या थराला तो मान टाकतो ते पेन्सिलीने त्याच तुकड्यावर लिहून ठेवावं.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक मूळ आहे, ते शाळेतलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करताना स्मरणचित्रात ‘कोरा कागद सोडू नका’ हे इतक्यांदा कानावर पडतं की पुढे वीस वर्षं कोरी जागा दिसली की हात शिवशिवतो. त्यात पोस्टर कलरची सवय. पोस्टर कलर अपारदर्शक. चुकलं की वरून झाका. तैलरंगाचंही तसंच. औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, तिथलं वस्त्रांचं आणि दागिन्यांचं काम बघून आलेल्या माणसाला वाटतं की जितका वेळ घालवू तितकं चित्र खुलेल. तैलरंगात ते चालतं, कारण उजळ जागा शेवटी वरून लावता येते. जलरंगात उजेड म्हणजे खालचा पांढरा कागद. तो एकदा झाकला की गेला.

ब्रश ओला करण्याआधी

एका चिटोऱ्यावर २ × ३ इंचांचा छोटा स्केच करा, पेन्सिलीचाच, आणि त्याच्या खाली तीन गोष्टी लिहा.

पहिली, चित्र कशाचं आहे ते एका वाक्यात. ‘मेणवलीचा घाट’ हे वाक्य नव्हे, तो पत्ता झाला. ‘पायऱ्यांवर पडलेलं तिरपं ऊन आणि खाली गडद पाणी’ हे वाक्य. पुढे प्रत्येक टचला हे वाक्य विचारायचं आहे, तेव्हा ते जेवढं नेमकं तेवढं थांबणं सोपं. दुसरी, कागद कोरा कुठे राहणार. स्केचमध्ये त्या जागांवर फुली मारा. तिसरी, सगळ्यात गडद जागा कोणती, आणि ती एकच.

यात मोह कसा आडवा येतो ते याच घाटावर बघता येईल. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. मेणेश्वराच्या देवळाजवळ वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. आता हे ठाऊक असलेला माणूस घाट काढताना घंटा कुठेतरी बसवतोच. मग घंटेसाठी तिची घुमटी, घुमटीसाठी भिंत, भिंतीसाठी दगडांचे सांधे. चित्र उन्हाचं होतं, ते माहितीफलक होतं. घंटा हवी असेल तर घंटेचं वेगळं चित्र करा, ती त्या लायकीची आहेच.

ओलावा ओळखणं

थांबण्याची चूक शेवटापेक्षा मध्येच जास्त होते, आणि ती ओलाव्याची चूक असते. वॉश दिल्यापासून वाळेपर्यंत कागद चार अवस्थांतून जातो. समोरून बघून त्या कळत नाहीत. मान वाकवून, उजेडाकडे तोंड करून, कागद तिरपा बघायचा.

पहिल्या अवस्थेत कागद चकचकीत असतो, पाणी उभं असतं. आत काहीही सोडा, ते पसरतं. दुसरीत चमक मंद होते, अंड्याच्या कवचावर असते तेवढीच. आता सोडलेला रंग थोडा सरकतो आणि मऊ कडा देऊन थांबतो. ढगाची खालची बाजू, लांबची झाडी, पाण्यातल्या सावल्या इथे होतात. अट एकच, ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. रंग भरलेला ब्रश आधी फडक्याला टेकवायचा आणि मगच कागदावर न्यायचा.

तिसरी अवस्था फसवी. चमक गेलेली असते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण आत दमट असतो. बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. (तळहात किंवा बोटाचं पेर लावू नका, त्वचेचं तेल लागलं की तिथे रंग धरत नाही.) या वेळी ओला ब्रश लागला की पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला दातेरी डाग उमटतो, फ्लॉवरचा गड्डा आडवा कापल्यासारखा. डाग पडला की माणूस तो पुसायला जातो, पुसताना सायझिंग जातं, मग ती जागा झाकायला आणखी गडद रंग येतो. बिघडलेल्या चित्रांचा माग काढत गेलात तर बऱ्याचदा या गार कागदावरच्या एका ‘जरासा’ टचपाशी पोचाल.

तेव्हा चमक गेली की ब्रश खाली. आणि खाली म्हणजे पाण्याच्या डब्यात उभा सोडू नका, त्याचे केस वाकतात. फडक्यावर आडवा ठेवा. या वेळात पुढच्या वॉशचा रंग पॅलेटमध्ये पुरेसा कालवून ठेवा, मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जुळत नाही. थर्मासमधला चहा घ्यायचीही हीच वेळ. डाग पडलाच तर त्याला हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर त्यातले निम्मे डाग झाडीत किंवा ढगात खपून जातात.

चौथी अवस्था, कोरडा. बोटाच्या मागच्या बाजूला कागद हवेइतकाच लागतो, गार लागत नाही. आता पुढचा वॉश.

साताऱ्याकडे या अवस्थांचा वेळ ऋतूप्रमाणे फारच बदलतो. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर पाव इंपीरियलचा वॉश चार-पाच मिनिटांत वाळतो आणि दुसरी अवस्था हाती लागता लागता निसटते. तेव्हा बोर्ड सावलीत ठेवा आणि मोठ्या जागेला आधी साधं पाणी मारून घ्या. जुलैत घरात बसलात तर तोच वॉश अर्धा-पाऊण तास दमट राहतो, आणि तिसऱ्या अवस्थेत बोटं चोळत बसावं लागतं. हेअर ड्रायर चालेल, पण चमक असताना लावू नका. हवेने पाण्याचा ओघळ ढकलला जातो. चमक गेल्यावर, वीतभर लांबून, सतत हलवत फिरवायचा. नंतर कागद दोन मिनिटं निवू द्यायचा, कारण गरम कागद कोरडा वाटतो आणि आतून तसा नसतो.

घाटावरचं चित्र, थांबे धरून

साहित्य थोडकं ठेवा. १२ नंबरचा गोल ब्रश, ६ नंबरचा गोल, एक इंची फ्लॅट आणि बारीक रेघेसाठी रिगर. रंग सहा पुरतात: यलो ऑकर किंवा रॉ सिएना, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट, अलिझरिन क्रिमसन, सॅप ग्रीन. पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. पेटीतला पांढरा घरी ठेवा. जवळ असला की वापरला जातो आणि चित्रावर खडू फिरवल्यासारखी कळा येते.

पेन्सिल दहा मिनिटं. पाण्याची कड, घाटाचा एकत्र आकार, देवळाचं शिखर, झाडीचा माथा. पायऱ्यांच्या रेघा पेन्सिलीने आखू नका, आखल्या की रंगवाव्या लागतात.

पहिला वॉश. बोर्डाखाली वरच्या बाजूला काडेपेटी आडवी सारून थोडा उतार द्या. आकाशाला पातळ कोबाल्ट, खाली येताना त्यात यलो ऑकर आणि किंचित अलिझरिन, तोच वॉश घाटावरून सरळ पाण्यापर्यंत. मध्ये पायऱ्यांच्या उन्हातल्या दोन-तीन पट्ट्या आणि पाणी दगडाला टेकतं तिथली बारीक चकाकती रेघ कोरी सोडा. यात पंधरा मिनिटं जातात. इथे पहिला थांबा. कागद फिकट, अर्धवट, केविलवाणा दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा. ओला रंग वाळल्यावर एक घर फिका पडतो हे लक्षात ठेवून छटा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा. ओल्यावर अंदाज बांधणारा माणूस एक तर घाबरून पुसतो, नाहीतर वाळल्यावर ‘फिकं झालं’ म्हणून अख्खा वॉश पुन्हा देतो.

दुसरा वॉश मध्यम छटांचा. सगळी झाडी एकच आकार, सगळा घाट एकच आकार. झाडीला सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएना, त्यातच ओल्यावर अल्ट्रामरीन सोडायचा. काळ्या पाषाणाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. हे दोन्ही पॅलेटवर पूर्ण घोटू नका. अर्धवट मिसळलेले कागदावर जाऊन भेटले की दगडात कुठे निळसर, कुठे तांबूस अशी जान येते, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दगडाचा पोत आपोआप मिळतो. १२ नंबरचाच ब्रश, ब्रशचे टच पंचवीसच्या आत. मोजा, खरंच मोजा.

दुसरा थांबा हा सगळ्यात महत्त्वाचा. बोर्ड झाडाला टेकवून आठ-दहा पावलं मागे जा आणि डोळे बारीक करा. उजळ, मध्यम, गडद असे तीन गठ्ठे वेगळे दिसले तर चित्राचं तीन चतुर्थांश काम संपलं. आता उरले आहेत फक्त गडद टच.

ते टच सहा नंबरने, दाट रंगाने, एकदाच. देवळाच्या दाराचा अंधार, झाडीखालची सावली, पाण्याच्या कडेची गडद पट्टी. पायऱ्यांचं असं करा: डोळ्यांना वीस दिसत असतील तर पाच-सहा दाखवा, त्याही ऊन-सावली भेटते तिथे, आणि प्रत्येक रेघ मध्ये तोडा. बाकीच्या बघणारा स्वतः भरतो. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानींना हाच न्याय. अलीकडच्या दोन कमानी नीट, पुढच्या नुसत्या सावलीच्या ठिपक्यांनी. सगळ्या सारख्याच नेटक्या काढल्या की पूल लांब जातच नाही.

प्रतिबिंबाचा भाग जरा बारकाईने बघू, कारण चित्र बहुधा इथे हरतं. पाण्याच्या भागाला स्वच्छ पाणी मारा आणि मंद लकाकीची वाट बघा. मग १२ नंबरने झाडीचा आणि घाटाचा रंग वरून खाली, उभ्या ओढींनी सोडा. गडद वस्तूचं प्रतिबिंब मुळापेक्षा थोडं उजळ आणि उजळ वस्तूचं थोडं गडद घ्यायचं. दहा-बारा ओढी झाल्या की ब्रश धुऊन ठेवून द्या. आता फ्लॅट ब्रश ओला करून फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि आडव्या दोन, फार तर तीन ओढी मारा, वाऱ्याने पाणी हललं तेवढ्या. तिसऱ्या ओढीनंतर चौथी मारावीशी वाटतेच, कारण तिसरी थोडी वाकडी गेलेली असते. ती वाकडीच राहू द्या. वाकड्या ओढीने पाणी हलतं, आणि चौथीने ते थिजतं.

शेवटची पंधरा मिनिटं

चित्र संपत आल्याची लक्षणं चित्रापेक्षा तुमच्या हातात आधी दिसतात. ब्रश १२ वरून ६ वर, ६ वरून रिगरवर आलेला असतो. समोरच्या घाटाकडे बघून पाच मिनिटं झालेली असतात आणि नजर फक्त कागदावर असते. एकाच जागेवर हात तिसऱ्यांदा जातो. मनात ‘इथे काहीतरी हवंय’ एवढंच असतं, काय हवंय ते नसतं.

त्याला एक साधा नियम आहे. पुढचा टच वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘डावीकडचं झाड पाण्यापेक्षा गडद हवं’ हे वाक्य आहे, तो टच द्या. ‘शिखराची उजवी कड आकाशात हरवायला हवी’ हेही वाक्य आहे. ‘जरा फिनिशिंग करू’, ‘थोडं उठाव देऊ’, ‘मोकळं वाटतंय’ ही वाक्यं नव्हेत. ती मनात आली की ब्रश धुवा.

खात्री करायला पुढच्या युक्त्या. सगळ्या दर वेळी करायची गरज नाही, पण पहिली चुकवू नका.

जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद ‘एल’ आकाराच्या दोन पट्ट्या कापा आणि चित्राभोवती चौकट करून ठेवा. कागद बोर्डावर चिकटवलेल्या टेपच्या मळलेल्या कडा, शेजारचं पॅलेट, बोर्डावरचे डाग हे सगळं नजरेआड झालं की जे चित्र ‘अजून कच्चं’ वाटत होतं ते पुष्कळदा पुरं झालेलं दिसतं. पट्ट्या आत-बाहेर सरकवूनही बघा. कधी कधी वरचं दोन इंच आकाश कमी केल्यावरच काम होतं, तिथे ढग काढायची गरज उरत नाही.

मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. शेजारी कोरा कागद ठेवून फोटो काढा, नाहीतर मोबाइल स्वतःच उजेड वाढवतो आणि तुम्ही फसता. फोटोत सगळं करडं-करडं दिसलं तर तुमची शंका खरी आहे, डार्क कमी पडलेत. काळं, करडं, पांढरं वेगळं दिसत असेल तर जे खटकतंय ते रंगाचं असेल, आणि त्याला उतावीळपणे हात लावायचा नाही.

एखादा मोठा टच द्यावा की नाही यावर अडलात तर तो आधी चित्राबाहेर द्या. त्याच कागदाच्या कपट्यावर हवी ती छटा लावा, वाळवा, हव्या त्या आकारात फाडा आणि चित्रावर नुसता ठेवा. नदीकाठी एक माणूस हवा का? कपटा ठेवा, सहा फुटांवरून बघा, उचला, पुन्हा बघा. उचलल्यावर काही चुकल्यासारखं वाटलं नाही तर त्या माणसाची गरज नव्हती. फाइलचं पारदर्शक प्लॅस्टिकही चालतं. त्यावर जलरंगाचे थेंब गोळा होतात, म्हणून रंगात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, मग रंग बसतो. चित्र मात्र तोवर खडखडीत वाळलेलं असू द्या, आणि साबणाचा तो ब्रश पुन्हा चित्रावर जाण्याआधी नीट धुवा.

आरशात बघणं, चित्र उलटं धरणं हे सगळ्यांना माहीत असतं. तोल गेलेला त्यात पटकन दिसतो. रात्री ट्यूबलाइटखाली बघून रंग बदलायला मात्र जाऊ नका. सकाळच्या उजेडात केलेलं चित्र सकाळच्याच उजेडात तपासा.

अर्धवट आणि वेळेवर थांबलेलं

हे सगळं वाचून कुणी पहिल्या वॉशनंतरच ब्रश धुवेल, तेही बरोबर नाही. ‘फ्रेशनेस’च्या नावाखाली फिकट, डार्क नसलेली चित्रं भरपूर होतात. बिघडेल या भीतीने थांबलेलं चित्र ओळखायची खूण म्हणजे त्यात सगळ्यात गडद जागा सापडत नाही. गडद टचला चित्राच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी जागा लागते, पण तेवढी ती लागतेच. तो टच देताना हात कापत असेल तर ब्रशवर रंग जास्त घ्या आणि पाणी कमी. पातळ डार्क दोनदा द्यावा लागतो, आणि दुसऱ्यांदा देतानाच तो मळतो.

कासच्या पठाराचं चित्र याच्या अगदी उलट फसतं. तिथे कमी पडायची भीती नसते, कारण प्रत्येक फूल ठिपक्याने दाखवायचा मोह असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठार फुललेलं असतं तेव्हा ते लांबून रंगाच्या पट्ट्यांसारखं दिसतं. पट्टे वॉशमध्येच ओल्यावर घ्या, ठिपके फक्त पुढच्या तिसऱ्या भागात, लहान-मोठे, गुच्छाने. अख्ख्या कागदावर सारखे ठिपके पडले की पठाराची छापील साडी होते.

हात आधीच जास्त फिरला असेल तर

आधी चित्र पूर्ण वाळू द्या. घाईत वाचवायला गेलेलं चित्र दुप्पट बिघडतं.

मळलेली जागा उजळायची असेल तर फ्लॅट ब्रश स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून, त्या जागेवर एकाच दिशेने दोन-तीनदा फिरवा आणि लगेच टिश्यू दाबा. टिश्यू घासू नका. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, प्रशियन ब्लू, अलिझरिन कागदात शिरतात आणि डाग राहतोच. म्हणून ज्या जागेची खात्री नाही तिथे हे रंग वापरूच नयेत. बारीक चकाकी गेली असेल तर कोरड्या कागदावर ब्लेडच्या टोकाने खरवडता येते, पण तिच्यावर पुन्हा रंग देता येत नाही, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी.

अख्खं चित्र जड झालं असेल आणि कागद कॉटनचा असेल तर ते नळाखाली तिरपं धरून मऊ ब्रशने हलकं धुता येतं. बरंच निघून जातं, खाली फिकट भूत राहतं. सपाट वाळवलं की त्यावर एक वॉश आणि थोडे डार्क बसतात, त्याहून जास्त नाही. साध्या कार्ट्रिजवर हा प्रयोग करू नका, लगदा होतो.

बहुतेक वेळा मात्र कात्रीच बरी. ‘एल’ पट्ट्या फिरवत ११ × १५ मधला ७ × १० चा चांगला तुकडा शोधा. बिघडलेल्या चित्रात असा एक तुकडा बहुधा निघतो, आणि तो बहुधा तुम्ही सगळ्यात आधी रंगवून विसरून गेलेला असतो.

टेप काढण्याची घाई करू नका. कागद कडेलाही कोरडा झालाय हे बोटाच्या मागच्या बाजूने बघून घ्या, दमट कागदाचा वरचा पापुद्रा टेपबरोबर येतो. टेप चिवट असेल तर हेअर ड्रायरने थोडी कोमट करा, आणि चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरपी, सावकाश ओढा. कोरी पांढरी कड निघाली की चित्र पुन्हा एकदा वेगळं दिसेल आणि एखादा टच सुचेल. तो कागदामागे पेन्सिलीने लिहून ठेवा, सोबत जागा, तारीख आणि वेळ. पुढच्या वेळी त्याच घाटावर बसाल तेव्हा तो नव्या कागदावर, पहिल्या वॉशच्या आधी वाचा.